गाऱ्हाणं व्हाया अंतराळ

आमच्या खोलवाडीला मोबाइलचा टॉवर आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर लोक म्हणतात, लालबागला राहून हा गावाची बदनामी करतो. टॉवर आहे, त्याला तांबडा-पांढरा रंग आहे, भोवती कुंपण आहे, कुंपणावर दुधीचा वेल आहे. फक्त त्यातून रेंज येत नाही. ती यायची आहे. गेली काही वर्षं ती येतेच आहे. तोवर ज्याला बोलायचं असेल त्याने घरामागच्या दोन टेकड्या चढायच्या, वरच्या कातळावर उभं राहायचं, तोंड कणकवलीकडे करायचं आणि ओरडायचं. त्यातलं निम्मं बहुधा फोनशिवायच पोचत असावं.

हे सगळं ठीक चाललं होतं. पण संक्रांतीच्या सुमाराला माझे वडील कुशाबा चाळीच्या जिन्यावर पाय घसरून पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. परळला ऑपरेशन झालं. डॉक्टर भला माणूस. त्याने बाबांना सगळं खायची परवानगी दिली, आणि जाता जाता म्हणाला, "फक्त यंदा लांबचा प्रवास नको, घाटातला तर नाहीच." त्याला वाटलं, त्याने एक छोटीशी गोष्ट सांगितली. तो विदर्भातला होता, त्याला काय माहीत!

ज्यांचं मूळ कोकणात नाही, त्यांच्यासाठी सांगतो. गणपतीत घरच्या गणपतीपुढे घरातला थोरला पुरुष हातात नारळ घेऊन उभा राहतो आणि गाऱ्हाणं घालतो. म्हणजे घरचं सगळं देवाच्या कानावर घालायचं. कोण आजारी, कोणाचं लग्न अडलंय, कोण कामधंद्याला लागला, आणि मग सगळ्यांना सांभाळ म्हणायचं. प्रत्येक वाक्यानंतर मागे उभ्या असलेल्यांनी एका सुरात म्हणायचं, "होय म्हाराजा!" हे 'होय' आमच्या हाडात मुरलेलं असतं. एकदा ऑफिसात साहेब जरा सूर लावून म्हणाले, "ह्या वर्षी तरी सगळे क्लेम वेळेत निकाली निघू देत," आणि मी फाइलीतून मान वर न करता "होय म्हाराजा" म्हणून मोकळा झालो. तेव्हापासून साहेब माझ्याशी जपून बोलतात.

आमच्या खोलवाडीच्या घरात हा मान बाबांचा, त्यासाठी ते दरवर्षी गावी जायचे. आजोबा गेल्यापासून त्यांनी एकही गणपती चुकवला नव्हता. बाबा नसतील तर धाकट्या भावाने, म्हणजे गुणाजीकाकांनी गाऱ्हाणं घालावं, इतकं सोपं होतं. पण गुणाजीकाकांची मुलगी अक्षदा हिने कातळावरून फोन करून काकांचा निरोप सांगितला, "दादा जिवंत असताना मी नारळ हातात घेणार नाही. पाहिजे तर यंदा गाऱ्हाण्याशिवाय गणपती बसेल."

"बाबा, मग आपण तुमचं गाऱ्हाणं रेकॉर्ड करून पाठवूया," मी म्हणालो.

"रेकॉर्ड?" बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा मी नारळाऐवजी बटाटा वाढवूया म्हणालो. "ता काय थांबता? 'होय' इला काय नाय, ता त्याका कळता? कोन 'होय' म्हनता ता ऐकल्याबिगर फुडचा कसा बोलाचा?"

आणि बाबा गप्प झाले. आमच्या घरात बाबा गप्प होणं ही सोपी गोष्ट नव्हे. हा माणूस वर्तमानपत्रातल्या जाहिरातींनासुद्धा उत्तरं देतो. ते आता भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. माझी बायको मनवा बांगड्याचं तिखलं करून ताट पुढे ठेवायची, बाबा "ठेव गो" म्हणायचे आणि ते तसंच राहायचं. मोडलेल्या हाडानेही त्यांना इतकं मोडलं नव्हतं. मला ते बघवेना.

तेवढ्यात अक्षदाचा दुसऱ्यांदा फोन आला. ती कणकवलीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि तिला हौशी रेडिओचा सरकारी परवाना आहे. ती म्हणाली, "रघूदादा, टॉवर गेला खड्ड्यात. आपण अंतराळातून बोलूया ना!"

मला वाटलं, कातळावर ऊन लागलं हिला. पण तिने समजावून सांगितलं. पृथ्वीभोवती फिरणारं जे अंतराळ स्थानक आहे, त्यात एक रेडिओ बसवलाय. जमिनीवरून साध्या वॉकीटॉकीने बोललेलं तो ऐकतो आणि तेच पुन्हा मोठ्याने खाली सोडतो. मला हे लगेच कळलं, कारण आमच्या चाळीत कमलकाकू आहेत. गॅलरीच्या एका टोकाला कुजबुजलेलं दुसऱ्या टोकाला मोठ्याने ऐकू येतं ते त्यांच्याचमुळे. स्थानक मुंबई आणि खोलवाडी या दोघांच्याही डोक्यावर एकाच वेळी असतं, ते मावळेपर्यंत दहाएक मिनिटं मिळतात, आणि तेवढ्यात बोलून घ्यायचं.

"किती उंचावर असतं गं ते?" मी विचारलं.

"असेल चारशे-सव्वाचारशे किलोमीटर."

मी फोन ठेवला आणि बोटांवर हिशेब केला. चारशे-सव्वाचारशे! म्हणजे एसटी जर सरळ वर गेली, तर साधारण आमच्या गावाइतकंच. आपण आयुष्यभर आकाश म्हणजे काहीतरी अफाट समजत होतो, आणि ते निघालं रात्रीची गाडी पकडून सकाळी पोचण्याच्या अंतरावर.

हे बाबांना सांगितलं तेव्हा ते कित्येक दिवसांनी पहिल्यांदा भिंतीकडून माझ्याकडे वळले. "थंयसून 'होय' ऐकाक येतला?" त्यांनी विचारलं. येईल म्हटल्यावर त्यांनी जेवायला मागितलं.

आता मधल्या भानगडी. ज्याला बोलायचं त्याला परवाना हवा, आणि परवान्यासाठी सरकारी परीक्षा. म्हणजे बाबांना परीक्षा द्यावी लागणार होती. मनवा म्हणाली, "मीही देते, बाबांना सोबत होईल." आणि मी तर ह्या मोहिमेचा प्रमुख, मी न देऊन कसं चालेल! तीन महिने आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत जो अभ्यास चालला, तो माझ्या दहावीला चालला नव्हता. मनवा दादरच्या एका वाचनालयात कामाला आहे, तिला वाचायची सवय. बाबांना दुसरा उद्योगच नव्हता. ते पडल्या पडल्या नियम गाऱ्हाण्याच्या चालीवर पाठ करायचे आणि शेजारच्या खोलीतून सवयीने 'होय म्हाराजा' यायचं.

निकाल लागला. मनवा पास. बाबा, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, पास. मी नापास.

याला कारण आहे आणि ते मी सांगणार. मी विम्याच्या कंपनीत क्लेम तपासतो. कुठल्याही विधानाला अपवाद शोधणं ही माझी भाकरी आहे. त्या परीक्षेत प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, आणि त्यातला एकही मला पूर्णपणे पटेना. 'अँटेना उंच असावी' हे बरोबर म्हणावं, तर किती उंच, कुणाच्या इमारतीवर, मालकाची संमती घेतली का? अशा रीतीने मी विचार करत असताना वेळ संपली आणि संगणकाने पेपर आपणहून काढून घेतला. बाहेर बाबा व्हीलचेअरवर बसून भेळ खात होते. "सोपा होता मां?" त्यांनी विचारलं. मी त्यांची उरलेली भेळ संपवली.

"तू अँटेना धर," मनवा मला समजावत म्हणाली. "अँटेना धरायला परवाना लागत नाही." एकोणतीस वर्षांच्या नोकरीनंतर मी घरात खांब म्हणून रुजू झालो.

मग पोलीस चौकशी. परवान्यापूर्वी ती होतेच. निलेश नावाचा एक तरुण हवालदार आला आणि दारात उभा राहून सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "कुशाबा कोण? सॅटेलाइटचं प्रकरण आहे!" क्षणात सगळी दारं उघडली. कमलकाकू तर हातात पीठ तसंच घेऊन आल्या.

"काय हो काका, सॅटेलाइट म्हणजे परदेशाशी संबंध आला ना?" निलेशने आत येऊन विचारलं.

"परदेश खंयचो? माझो संबंध गावाशी हा," बाबा म्हणाले.

"गाव खंयचा?" निलेशचा आवाज एकदम खाली आला.

"खोलवाडी. कणकवलेच्या वर."

"आमचो देवगड," असं म्हणून त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. पुढची चौकशी यंदाच्या आंब्याच्या मोहोराबद्दल झाली. जाताना तो बाबांच्या पाया पडला आणि जिन्यात मला म्हणाला, "तुमचापन परवाना आहे ना?" मी त्याला खाली सोडायला गेलो नाही.

त्यानंतर गच्ची. आमच्या नारळीवाला चाळीच्या गच्चीला कुलूप आहे आणि किल्ली सेक्रेटरी रमाकांतरावांच्या जानव्याला. कुणीतरी वर सुकट वाळत घातली होती आणि ती कुणाचीच नव्हती, तेव्हापासून हे कुलूप आहे. रमाकांतरावांनी सभा बोलावली. एकाला शंका आली की लहरींमुळे पापड काळे पडतील. दुसऱ्याने विचारलं, वरून त्यांना आपल्या मोरीतलं दिसतं का? कमलकाकूंचा मुलगा दुबईला असतो; तो वेळेवर घरी येतो का एवढं वरच्या माणसांना बघायला सांगा, असं त्या म्हणाल्या. धनेश हा आमच्या चाळीच्या गणपती मंडळाचा कार्यकर्ता आणि केबलवाला. तो सगळ्यांना शांत करत म्हणाला, "रघूभाऊ, कशाला एवढं? माझी डिश घेऊन जा ना, दोनशे चॅनल दिसतात." शेवटी ठराव मंजूर झाला, पण रमाकांतरावांनी त्यात एक अट घातली, की सदर उपक्रमामुळे अंतराळातून कोणी आल्यास त्यांची उतरण्याची व्यवस्था सोसायटीच्या आवारात केली जाणार नाही. मी सही केली.

रेडिओ, म्हणजे वॉकीटॉकी, विकत आणली, पण अँटेना मी स्वतः बनवली, एवढं श्रेय कुणी काढून घेऊ नये. प्लास्टिकच्या पाइपावर पोलादी मेजर टेपचे तुकडे आडवे लावायचे, अशी अक्षदाची कृती होती. टेप मला गच्चीच्या दारातच पडलेली मिळाली. ती मंडळाच्या मंडपवाल्याची होती, हे मला तुकडे केल्यावर कळलं. त्या वर्षी आमच्या मंडळाची कमान अंदाजाने उभी राहिली आणि एका बाजूने थोडी नम्र दिसली.

श्रावणात एका संध्याकाळी पहिल्यांदा ऐकून बघायचं ठरलं. ऐकायला परवान्याची भीती नको, म्हणून मी आणि मनवा गच्चीवर गेलो. मी नम्रपणे खांब झालो. लोअर परळच्या टोलेजंग टॉवरांमागे सूर्य गेला होता, आकाश अजून पुसट उजळ होतं. रेडिओत नुसती खरखर. मग मनवा म्हणाली, "ते बघ!" टॉवरांच्या वरून एक ठिपका निघाला. चांदणीसारखा लुकलुकत नव्हता, विमानासारखा आवाज नव्हता. घाई नाही, थांबणं नाही. सरळ आमच्याकडे येत होता. मी अँटेना त्याच्याकडे केली, आणि खरखरीतून माणूस निघाला.

"नागपूर," तो म्हणाला आणि पुढे आपली खूण सांगितली, म्हणजे परवान्यावरचा अक्षर-आकड्यांचा क्रमांक. मग दुसरा, बंगळूर. मग एक बाई, काठमांडूची. कोलंबोचा एक म्हातारा, हसून काहीतरी म्हणाला आणि नागपूरवाला त्याला "गुड इव्हनिंग दादा" म्हणाला. मेजर टेपच्या त्या तुकड्यांतून! मंडपवाल्याच्या! मी मान वर करून त्या ठिपक्याकडे बघत होतो. त्यात माणसं आहेत, जिवंत, जेवणारी-झोपणारी, आणि त्यांच्या बाजूच्या एका डब्यातून नागपूर कोलंबोला रामराम करतंय. ठिपका डोक्यावरून कॉटन ग्रीनच्या गोदामांकडे गेला आणि आकाशातच विझला. आवाजही विझले. मनवाने माझा हात धरला होता, हे मला नंतर कळलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असं होत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

आणि मग, सगळं जुळत आल्यावर, मनवाने परवान्याबरोबर आलेले नियम पुन्हा एकदा वाचले. तिचा चेहरा उतरला. ह्या रेडिओवर आपसातलं साधं बोलणं चालतं. प्रार्थना चालत नाही. धंद्याचं चालत नाही. राजकारण चालत नाही.

"मग काय करायचं?" मी म्हणालो. "एक वेळ चालवून घेऊ की! कोण ऐकतंय?"

"अर्धा आशिया," मनवा म्हणाली. "आणि परवाना बाबांच्या नावावर आहे."

बाबांनी आम्हाला गाऱ्हाणं म्हणून दाखवलं, आणि मनवा एकेक वाक्य नियमाला लावून बघायला लागली. देव आला, काढला. आंब्याला भाव मिळू दे, हा धंदा, काढला. सरपंचाला रस्त्याची बुद्धी दे, हे राजकारण, काढलं. बाबांचा चेहरा लाल होत चालला. आजोबांपासून चालत आलेल्या गाऱ्हाण्याचं पार खिमट झालं. "मगे ऱ्हवला काय?" ते ओरडले.

मनवा हळूच म्हणाली, "नावं राहिली, बाबा. घरातल्या माणसांची. तुम्ही देवाशी नाही बोलायचं, गुणाजीकाकांशी बोलायचं. भावाशी बोलायला कुणाची बंदी नाही."

बाबा छताकडे वळले. मग म्हणाले, "नावां ऱ्हवली मां? मग सगळा ऱ्हवला." आणि उताणे पडून पुटपुटत सगळ्यांची नावं मोजायला लागले.

चतुर्थीची सकाळ. लालबागची चतुर्थी म्हणजे काय, हे मी सांगायला नको. रस्त्यात माणूस ठेवायला जागा नाही, प्रत्येक गल्लीचा स्पीकर शेजारच्या गल्लीच्या स्पीकरला उत्तर देतोय. स्थानक सकाळी दहाच्या सुमाराला येणार होतं. तिकडे खोलवाडीत पूजा आटोपून सगळं घर गणपतीपुढे थांबलेलं असणार होतं आणि अक्षदा खळ्यात, म्हणजे अंगणात, रेडिओ घेऊन उभी असणार होती; मागून येणाऱ्या 'होय'ला तिचा परवाना पुरत होता. त्यानंतरची फेरी टॉवरांच्या आडून जात होती. म्हणजे संधी ही एकच.

चौघांनी बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून गच्चीवर चढवलं. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, डोक्यावर टोपी, एका हातात नारळ. जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकली तेव्हा खुर्ची वाचवायची की बाबा, यावर रमाकांतरावांनी सूचना केल्या. गच्चीवर सगळी चाळ आधीच हजर. मी धनेशला म्हणालो, "धनेश, दहा मिनिटं स्पीकर बंद कर."

"बंद? लालबागमध्ये? चतुर्थीला?" त्याने कानाला हात लावले. मग बाबांच्या हातातल्या नारळाकडे बघितलं, खाली गेला आणि मंडपाचा फ्यूजच काढून घेऊन आला. आमची गल्ली एकदम गप्प झाली. लांबचे ढोल तेवढे ऐकू येत राहिले.

मी अँटेना वर केली. दिवसा ठिपका दिसत नाही, नुसतं निळं आकाश. त्या रिकाम्या निळ्याकडे मी हात उंचावून उभा होतो, आणि सगळी चाळ माझ्याकडे अशी बघत होती, की मी तिथे काहीतरी सिद्ध करणार आहे. खरखर. खरखर. आणि मग एकदम माणसांचा लोंढा! सणाचा दिवस, सुट्टीचा दिवस, सगळे हौशी लोक आज रेडिओवर.

बाबांनी बटण दाबलं आणि आपली खूण सांगितली. "व्हीयू थ्री, फणस, कोकम, माड!"

"बाबा, 'एफ'साठी फॉक्सट्रॉट म्हणतात," मनवा म्हणाली. 

"फॉक्सट्रॉट कोनी बघल्यान हा? फणस सगळ्यांक कळता."

कुणाला काही कळलं नाही, कारण गर्दीत ते कुणाला ऐकूच गेलं नाही. बाबा पुन्हा बोलले. एकावर एक आवाज, हैदराबाद, मस्कत, कोण जाणे कोण. मिनिटं चालली होती. बाबांनी नारळ मांडीवर टेकवला. माझा हात तर खांद्यापासून बधिर झाला होता. तेव्हा मनवाने बाबांच्या हातून रेडिओ घेतला, वाचनालयात बोलणाऱ्या पोरांना गप्प करते त्या आवाजात आपली खूण सांगितली, आणि म्हणाली, "सगळ्यांना विनंती आहे. एक वयस्कर स्टेशन आहे. त्यांना त्यांच्या भावाशी बोलायचं आहे. कृपया जागा द्या." हेच हिंदीत, हेच इंग्रजीत.

आणि खरं सांगतो, ते गप्प झाले. सगळेच्या सगळे. इतक्या मुलखातली माणसं, एकमेकांचं तोंड न पाहिलेली, एका म्हाताऱ्यासाठी बाजूला सरली. फक्त कोलंबोचा तो म्हातारा म्हणाला, "गो अहेड, ग्रँडफादर."

बाबांनी रेडिओ परत घेतला आणि बटण दाबलं. "गुणाजी, मी कुशाबा बोलतंय. लालबागसून. ऐकतंस मां?" आणि बटण सोडलं.

एक क्षण खरखर. मग वीस गळ्यांतून, खोलवाडीच्या खळ्यातून, एसटीच्या रात्रभराइतक्या उंचीवर जाऊन परत खाली आलेलं, 

"होय म्हाराजा!"

मला तेव्हा कळलं, की गाऱ्हाणं आणि वॉकीटॉकी यांचा कारागीर एकच असावा. एक वाक्य बोलायचं, थांबायचं, 'होय' आलं की पुढचं. बाबांना कुणी 'ओव्हर' म्हणायला शिकवायची गरजच नव्हती.

"तुझी बायल रखमा. तिची कंबर दुखता, ती बरी होऊ दे."

"होय म्हाराजा!"

"तुझी अक्षदा. शिकलेली पोर. तिका तिच्या मनासारखा मिळू दे."

"होय म्हाराजा!" यात अक्षदाचा आवाज जरा चिरकला.

मी मनगट वळवत वळवत अँटेना टॉवरांवरून डोक्यावर आणली होती. तेवढ्यात जिन्यातून बूट वाजले आणि दारात निलेश उभा राहिला, खालच्या बंदोबस्तावरून धावत आलेला. "ओ! साहेब विचारतायत, गच्चीवरून कोण काय रोखून उभं आहे? बंद करा पहिलं ते!"

बाबांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. "माझी सून मनवा," ते रेडिओत म्हणाले. "तिना माका ह्या यंत्रार बोलूक शिकवल्यान. तिका कायव कमी पडू नये."

"होय म्हाराजा!" हे खोलवाडीतून आलं, आणि दारातूनही आलं. निलेशने टोपी काढली होती. आपण काय बोलून गेलो हे कळल्यावर तो कावराबावरा झाला, मग जिन्यातल्या दुसऱ्या शिपायाला म्हणाला, "सांग साहेबांना, घरगुती हा."

मग चाळीलाच तोंड फुटलं. प्रत्येक नावाला गच्चीसुद्धा 'होय' म्हणायला लागली. आणि एका नावाला, मी शपथेवर सांगतो, खोलवाडीचं 'होय' संपल्यावर आणखी एक आलं, वऱ्हाडी हेल काढलेलं. नागपूर! पुढच्या नावाला काठमांडूची बाई चाचरत म्हणाली. तिला काय माहीत खळं, काय माहीत गाऱ्हाणं. पण म्हणाली.

अँटेना आता कॉटन ग्रीनकडे झुकली होती. आवाजात खरखर मिसळायला लागली. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि बटण दाबलं.

"आनी ह्यो माझो झिल रघू. परीक्षेत नापास झालो." आणि बटण सोडलं.

"होय म्हाराजा!" खोलवाडी म्हणाली. नागपूर म्हणालं, आणि बाकीच्यांसाठी त्याने "रघू एक्झाम में फेल" असं भाषांतरही केलं. माझी अब्रू त्या क्षणी हिमालयापासून लंकेपर्यंत एकसमान पसरली. कमलकाकूंनी पदर तोंडाला लावला. मी अँटेना खाली टाकणारच होतो.

पण बाबांचं बोलणं संपलं नव्हतं. त्यांचा आवाज बदलला होता. "पन ह्या बापाचा गाऱ्हाना गावाक पोचाक व्हया, म्हनान कधीपासून उन्हात हात वर करून उभो हा. हात दुखता त्याचो, माका दिसता. तरी खाली करूक नाय. गुणाजी, मी आता थकलंय. माझ्या मागे ह्या रघूक सगळ्यांनी सांभाळून घेवा रे."

माझ्या डोळ्यांपुढचं आकाश पातळ झालं. गुणाजीकाकांचा एकट्याचा आवाज आला, रडका, "होय म्हाराजा." मग सगळ्या घराचा. मग नागपूर, मग मस्कतचा कुणी, मग मनवा माझ्या पाठीमागून, हळू. खरखर वाढत गेली. बाबांनी नारळ कपाळाला लावला आणि डोळे मिटले. संपलं असं वाटलं.

आणि मग अगदी टोकाहून, ऐकू येईल न येईल असा, कोलंबोचा म्हातारा. "रघू," तो म्हणाला, आणि पुढे मोडक्या हिंदीत, "अगली बार पास होगा. होय म्हाराजा." त्याने बटण सोडलं. तो उत्तराची वाट बघत होता, हे त्या शांततेवरून कळत होतं.

मला त्याला उत्तर द्यायचं होतं. मनवाने रेडिओ माझ्यापुढे धरलासुद्धा, मग तिलाच आठवलं आणि तिने तो मागे घेतला. माझ्याकडे परवाना नव्हता. म्हणून मी अँटेना तशीच कॉटन ग्रीनकडे धरून उभा राहिलो, नुसती खरखर उरली तरी.